तंटामुक्त गावाची पाटी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी इथे आधी बोलून गेलेली मंडळी त्यांच्या सहवासातली होती. माझा परिचय ऐकीव. तेव्हा उसन्या आठवणी सांगण्यापेक्षा सरळ विषयाकडे वळते. ‘दैनंदिन जीवनातील शांतता आणि करुणा’ असा विषय संयोजकांनी दिला आहे. विषय फार सोयीचा आहे. यावर तासभर गोड बोलता येतं, टाळ्याही मिळतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. पण माझं पोट भांडणांवर भरतं. मी वकील आहे, आणि न्यायालयाने पाठवलेल्या प्रकरणांत मध्यस्थ म्हणूनही बसते. त्यामुळे मला शांतता दिसते ती व्यासपीठावरून नव्हे, धुऱ्यावरून.

धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध, हे नागपुरात कुणाला समजावून सांगायला नको. नांगरटीच्या वेळी एक तास पलीकडे सरकतं. पुढच्या वर्षी आणखी एक. कुणी बोलत नाही, कारण दोघं चुलतभाऊ असतात आणि घरात लग्न असतं. मग एका वर्षी धुऱ्यावरची बाभूळ कोणी तोडायची यावरून कुऱ्हाड निघते. त्यानंतर भूमी अभिलेखची मोजणी, तिच्यावर हरकत, पोलीस पाटलाकडे तक्रार, ठाण्यात अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. बैलगाडीची पांदण अडवली असेल तर तहसीलदारांकडे अर्ज. त्यासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे, जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे. धुऱ्यावरून जाण्यायेण्याची वाट हा विषय इंग्रजांनाही कायद्यात आणावा लागला आणि आपल्यालाही, यावरूनच त्याचं वजन कळावं. जी पट्टी गेली तिच्यात पिकणाऱ्या तुरीची किंमत आमच्या फीपेक्षा कमी असते. पक्षकाराला हे ठाऊक असतं. तरी तो येतो.

या असल्या भांडणांसाठीच १५ ऑगस्ट २००७ ला राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गृहमंत्री होते आर. आर. पाटील. त्याआधी गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान राबवून गावांत स्पर्धा लावण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. तीच रीत त्यांनी तंट्यांना लावली. ग्रामसभेने समिती नेमायची, तंटे नोंदवहीत लिहायचे, दिवाणी, महसुली, फौजदारी आणि इतर अशी त्यांची वर्गवारी करायची, मिटवायचे, आणि लोकसंख्येच्या मानाने बक्षीस मिळवायचं. शहरातल्या आमच्या काही वकील मित्रांनी तेव्हा याची टिंगल केली. मला ती पटली नव्हती. गावातल्या माणसांनी एका सतरंजीवर बसून भाऊबंदकीचा विषय काढणं ही लहान गोष्ट नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला संध्याकाळी एकमेकांशी न बोलणारी माणसं शेजारी बसतात हे आपल्याकडच्या गावांनी पाहिलेलं आहे. समितीने त्याच्या पुढचं पाऊल टाकलं, बसलेल्यांना बोलायला लावलं. आणि एक फळ असं निघालं की ज्याची मुंबईतल्या आखणीकारांना कल्पना नसावी. घरच्यांचा विरोध असलेल्या मुलामुलींची लग्नं या समित्यांनी लावली. ‘तंटामुक्त समितीच्या पुढाकाराने प्रेमीयुगुलाचा विवाह’ ही बातमी विदर्भातल्या वर्तमानपत्रांच्या तालुका पानांवर इतक्यांदा आली की तिचं कौतुक संपलं. ग्रामपंचायतीच्या अंगणात दोन हार, सरपंच, पोलीस पाटील आणि मुलीचा रुसलेला बाप. मला विचाराल तर या मोहिमेचं सर्वांत मोठं काम तेच.

पण ज्या पाटीवर ‘तंटामुक्त गाव’ असं लिहिलेलं असतं, ती वाचताना माझ्यातली वकील थोडी थबकते. तंटे मिटले, की तंटा काढणारा माणूस मिटला? समितीला गुण मिळतात ते मिटलेल्या तंट्यांचे. जो तंटा नोंदवहीत आलाच नाही, त्याचा हिशेब कोण ठेवणार?

एक उदाहरण सांगते, कुणा एका घरातलं नाही, आमच्या टेबलावर हमखास येणारं. दोन भाऊ बारा वर्षं बोलत नाहीत. वडिलांच्या नावची जमीन, वाटणी तोंडी झालेली, सातबारा अजून सामाईक. मध्यस्थीला बसतात. पहिल्या बैठकीत दोघंही जमिनीवर बोलतात. दुसऱ्या बैठकीत कळतं की राग जमिनीचा नाहीच. आई दवाखान्यात होती तेव्हा धाकटा पुण्याहून उशिरा आला, आणि तेरवीच्या जेवणात थोरल्याने त्याला सगळ्यांदेखत विचारलं की पाहुणे कधी निघणार. हे बोललं गेलं की दोघं रडतात, आम्हाला चहा मागवावा लागतो, आणि महिन्याभरात तडजोडपत्र तयार होतं. सगळ्यांना बरं वाटतं. मग शेवटच्या दिवशी एक बाई येतात. डोक्यावर पदर, हातात आधार कार्डाची झेरॉक्स. ही बहीण. तिला हक्कसोडपत्रावर सही करायला आणलेलं असतं.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलग्यांइतका वाटा दिला, पण तेव्हा लग्न झालेल्या मुलींना वगळून. देशभरासाठी तो हक्क ९ सप्टेंबर २००५ पासून आला, विवाहित असो वा नसो. वडील त्या तारखेला हयात हवे होते का, यावर पंधरा वर्षं वाद चालला आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात तो संपवला: हक्क जन्माने आहे, वडील हयात असण्याची अट नाही. हे सगळं त्या बाईंच्या बाजूने आहे. पण त्यांना विचारलं, ‘ताई, तुम्हाला कळतंय ना कशावर सही करताय?’ तर त्या म्हणतात, ‘माहेर तुटायला नको.’ कायद्याने ही सही वैध आहे. तिच्यावर कुणी जबरदस्ती केलेली नाही. भावाभावांचा समेट झाला, आणि त्याची किंमत भरली तिने. अशा वेळी मी काय करते? तिला बाजूच्या खोलीत नेते, एकटीला बसवते, तिचा वाटा गुंठ्यांत किती आणि आजच्या भावाने रुपयांत किती हे कागदावर लिहून देते. बहुतेक जणी तरीही सही करतात. एखादी करत नाही. मग बाहेर गोंधळ होतो, जुळलेली तडजोड मोडते, आणि भाऊ माझ्याकडे असे पाहतात की आग मीच लावली. लावलीच असेल. पण त्या दिवशी पहिल्यांदा त्या घरातला तंटा पूर्ण झालेला असतो.

याच्याहून कितीतरी भयंकर गोष्ट आपल्या शेजारी घडली. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात खैरलांजी आहे. नागपुरात तिचं नाव काढलं की अजूनही सभागृहातला आवाज बदलतो. तिथे भोतमांगे या दलित कुटुंबाच्या शेतातून वाट जावी असा आग्रह होता. म्हणजे पुन्हा धुरा, पुन्हा पांदण. शेजारच्या गावातल्या एका माणसाला झालेल्या मारहाणीत सुरेखा आणि प्रियंका या मायलेकी साक्षीदार होत्या. आरोपी जामिनावर सुटले, आणि त्याच संध्याकाळी, २९ सप्टेंबर २००६ ला, जमावाने सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन या चौघांना मारलं. सुरेखाचे पती भैयालाल तेवढे वाचले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. न्यायालयांनी हा सूड मानला; ॲट्रॉसिटी कायद्याखाली शिक्षा झाली नाही. मी निकालांवर इथे वाद घालत नाही. मला विचारायचं आहे ते वेगळं. या घटनेनंतर वर्षभराच्या आत तंटामुक्तीची मोहीम आली. असल्या गावात ती वर्षभर आधी आली असती, तर नोंदवहीत काय लिहिलं गेलं असतं? ‘महसुली तंटा, शेतातून वाट.’ आणि तो मिटवायचा म्हटला की सगळ्यांत सोपा मार्ग कोणता? गावात ज्यांच्या बाजूने कुणी उभं राहत नाही, त्या घराने जरा सोडून द्यावं. समितीतले लोक दुष्ट असतील म्हणून असं होत नाही. मिटवण्याची घाई असली की वजन हलक्या पारड्यावर येतंच.

म्हणूनच कायद्याने काही तंट्यांपुढे रेघ ओढून ठेवली आहे. तडजोडीने मिटणारे गुन्हे कोणते आणि न मिटणारे कोणते याची यादी जुन्या फौजदारी संहितेच्या कलम ३२० मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये आहे. खून, बलात्कार, ॲट्रॉसिटी या रेघेच्या पलीकडे. जातपंचायतीच्या न्यायालाही महाराष्ट्राने २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने चाप लावला. वाळीत टाकून, दंड भरायला लावून जी शांतता मिळते ती गुन्ह्यातून मिळालेली आहे, असं सांगणारं हे पहिलं राज्य. दुसरीकडे २०२३ च्या मध्यस्थी कायद्याने सामुदायिक मध्यस्थीला जागा दिली, पण दोन गोष्टी मुद्दाम घातल्या. दोन्ही पक्षांची आधी संमती हवी. आणि तिथे झालेला समझोता दिवाणी न्यायालयाच्या हुकुमासारखा बजावता येणार नाही. अनेकांना ही दुसरी तरतूद लंगडी वाटते. मला ती शहाणपणाची वाटते. वस्तीतल्या चार वजनदार माणसांनी घडवलेला समेट पोलीस आणून कुणाच्या गळ्यात मारता येऊ नये.

आता माझ्या धंद्यातली एक अडचण. मध्यस्थाच्या टेबलाला दोन बाजू लागतात. समोरचा आलाच नाही तर? नोटीस काढता येते, पण मनाने आणता येत नाही. व्यक्तीच्या बाबतीत हे अवघड, समाजाच्या बाबतीत त्याहून.

या शहरात याचं जे उत्तर दिलं गेलं, त्याकडे आपण उत्सव म्हणून पाहतो, समेटाच्या दृष्टीने पाहत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वाट कमी पाहिली होती का? १९२७ चं महाड, मार्च १९३० मध्ये सुरू झालेला नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह. समोरच्याला टेबलाशी बोलावण्याचेच हे प्रयत्न होते, फार थोरपणाने केलेले. समोरचा आला नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला त्यांनी सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात भिक्खू चंद्रमणी महास्थवीरांकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मध्ये एकवीस वर्षं आणि एक दिवस. लाखो माणसं पांढऱ्या कपड्यांत आली. ज्यांच्या पिढ्यान्पिढ्या विटाळात गेल्या त्यांनी इतक्या संख्येने एका मैदानात जमावं आणि कुणावर दगड पडू नये, याची नोंद जगाच्या इतिहासात वेगळ्या पानावर व्हायला हवी. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात नागपूरच का निवडलं हे बाबासाहेबांनी सविस्तर सांगितलं, नाग लोकांचा संदर्भ दिला, आणि ही निवड कुणाला डिवचण्यासाठी नाही हेही स्पष्ट केलं. सात आठवड्यांनी ते गेले.

मध्यस्थ म्हणून मी या घटनेतून एक गोष्ट घेते. जखम बरी होण्यासाठी जखम करणाऱ्याच्या संमतीची गरज नाही. त्याने माफी मागावी म्हणून आपलं जगणं थांबवून ठेवायचं, ही त्याला दिलेली आणखी एक सत्ता. घटस्फोटाच्या प्रकरणांत बायका मला विचारतात, ‘तो चूक कबूल करणारच नाही, मग मी काय करू?’ मी त्यांना बाबासाहेबांचं उदाहरण देते. काही जणी दचकतात. दीक्षाभूमीवर दरवर्षी जाणाऱ्या असतात त्या हसतात. त्यांना ते आधीच कळलेलं असतं.

पलीकडची बाजूही पाहायला हवी. समोरचा आला, चूक कबूल झाली, निकाल लागला. त्यानंतर काय? इथे मला तरुण गांधींचा प्रिटोरियातला खटला आठवतो. दादा अब्दुल्ला आणि तय्यब शेठ, दोघं नात्यातले, एकाच गावचे. गांधींनी खटला लवादाकडे नेला, त्यांचे अशील जिंकले. रक्कम होती सुमारे ३७ हजार पौंड, शिवाय खर्च. ती एकरकमी भरायची तर तय्यब शेठचं दिवाळं निघणार. वकिलाचं काम इथे संपतं. गांधींनी आपल्याच अशिलाच्या मागे लागून लांब मुदतीचे हप्ते पाडून घेतले, आणि त्यांनीच लिहून ठेवलं आहे की लवाद नेमण्यापेक्षा हे हप्ते मान्य करवून घेणं जास्त जड गेलं. जिंकलेल्या माणसाला थोडं थांबायला लावणं! आमच्या मध्यस्थी केंद्रांतल्या प्रत्येक प्रशिक्षणात हा प्रसंग हवा. करुणेला आकडे लागतात, तारखा लागतात, हप्त्याची रक्कम लागते. नुसती गळाभेट तीन महिने टिकते.

आणि करुणा म्हणजे शिक्षामाफी असा जो एक गोड गैरसमज आहे, त्याला आपल्या शेजारच्या पवनारच्या माणसाने उत्तर देऊन ठेवलं आहे. मे १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात वीस डाकूंनी विनोबांपुढे बंदुका ठेवल्या. विनोबांनी त्यांना सुटकेचं आश्वासन दिलं नव्हतं. खटले चालले, शिक्षा झाल्या. विनोबांवर तेव्हा टीकाही पुष्कळ झाली. पोलिसांचा धीर खचतो म्हणून. त्या टीकेतही तथ्य होतं असं मला वाटतं, कारण डाकूंनी ज्यांची घरं जाळली त्यांच्याकडे त्या सोहळ्यात कॅमेरे वळले नाहीत. पण कबुली आणि शिक्षा एकत्र राहू शकतात, हे त्या खोऱ्यात दिसलं.

आता घराजवळ येते. १७ मार्च २०२५ हा दिवस या सभागृहातल्या कुणी विसरलेला नाही. औरंगजेबाच्या कबरीचा वाद, निदर्शनं, मग अफवा, आणि रात्रीपर्यंत महालात आणि हंसापुरीत दगडफेक आणि जाळपोळ. काही दिवस शहराच्या अनेक भागांत संचारबंदी. ज्या शहराने ताजुद्दीन बाबांना वेड्यांच्या दवाखान्यातून आणून राजे रघुजी भोसल्यांच्या शक्करदऱ्याच्या वाड्यात ठेवलेलं पाहिलं, त्या बाबांच्या उरुसाला जिथे आजही ताजबागेत सर्व जातीधर्मांची माणसं जातात, त्या शहरात हे झालं, असं म्हणून त्या आठवड्यात पुष्कळ लेख आले. ते खोटं नव्हतं. पण ताजबागेच्या आठवणीने अफवा थांबत नाही. अफवा थांबते ती फोनवर. पलीकडच्या मोहल्ल्यातल्या एका माणसाचा नंबर तुमच्याकडे हवा, आणि रात्री नऊ वाजता ‘भाऊ, तिकडे खरंच काय झालं?’ असं विचारण्याइतकी ओळख हवी.

ही ओळख योजून करता येते, याचा महाराष्ट्रातला पुरावा भिवंडी आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेलं ते गाव. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांच्या नाही, साध्या माणसांच्या. यंत्रमागवाले, दुकानदार, रिक्षावाले, हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांतले. त्यांनी दंगलीवर बोलायचं नव्हतं. नळाचं पाणी, भांडखोर पोरं, दुकानापुढची गाडी, असल्या कुरबुरींवर बसायचं, पुन्हा पुन्हा बसायचं, आणि बीटच्या हवालदाराने त्यात बसायचं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. एकट्या समित्यांना सगळं श्रेय देणं मला घाईचं वाटतं. पण आपल्याकडच्या शांतता समित्यांशी तुलना केली तर फरक उघड आहे. आपली समिती गणपती, ईद आणि रामनवमीच्या आधी ठाण्यात जमते, चहा-बिस्किट होतं, सगळे एकमेकांना सहकार्याचं आश्वासन देतात, फोटो निघतो. वर्षभर मग कुणी कुणाला ओळखत नाही. तीच ती माणसं असतात, आणि ज्यांच्या हातात त्या रात्री दगड होता, त्यांच्या वयाचं कुणी तिथे नसतं. बाई तर शोधूनही सापडत नाही.

पोलीस आयुक्तालयाला आणि महापालिकेला, आणि त्याहून जास्त या सभागृहात बसलेल्या महालच्या, मोमीनपुऱ्याच्या, इतवारीच्या आणि हंसापुरीच्या लोकांना माझी एक विनंती आहे. दर महिन्याला बसा, सण नसताना बसा. निम्म्या बायका असू द्या, पंचविशीच्या आतली काही पोरं असू द्या. जो माणूस रडगाणं गातो म्हणून तुम्ही त्याला टाळता, त्याला मुद्दाम बोलवा, आणि त्याचं म्हणणं नोंदवहीत लिहा, मिटो न मिटो. एकोप्यावर भाषणं ठेवू नका, माझं तर नकोच. पहिल्या बैठकीला कोणता विषय घ्यायचा असं मला मघाशी चहाच्या वेळी एकांनी विचारलं. मी म्हटलं, गटार. तुमच्या गल्लीतलं तुंबतं तेव्हा पाणी कुणाच्या दारात जातं, तिथून सुरू करा.

प्रश्नांसाठी संयोजकांनी अर्धा तास ठेवला आहे. हक्कसोडपत्राविषयी विचारायचं असेल त्यांनी आधी विचारावं. मागच्या रांगेतल्या ताईंचा हात मला बऱ्याच वेळापासून दिसतो आहे.